रंगभूमीवरील वस्तू आणि त्यांचें शिक्षण

नाटक पाहून घरीं परततांना आपलें बोलणें बहुधा नटांविषयीं चालतें. अमक्याचें भाषण कसें रंगलें, तमकीचें पद कसें झालें, लेखकानें तिसरा अंक उगाच कां लांबविला, ही चर्चा रस्त्यांत सुरू होते ती पानें वाढेपर्यंत पुरते. परंतु नायिकेनें दुसऱ्या अंकांत जें पत्र फाडलें तें प्रत्येक प्रयोगाला नवें कोण लिहितो, भीमाची गदा कशाची होती, मद्याच्या पेल्यांत काय होतें आणि वादळाचा गडगडाट कोठून आला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ते विचारले जात नाहींत, हीच त्या सामानाच्या कारागिराची पावती होय. त्या कारागिराची विद्या कोणती आणि ती शिकावी कशी, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी पेशानें शाळामास्तर. संमेलनाचीं नाटकें बसवितांना सामानाची पेटी अनेक वर्षें माझ्या ताब्यांत असे. बाकी जें सांगणार तें वाचून, पाहून आणि जाणत्यांना विचारून मिळविलेलें आहे.

हा विषय निवडण्याचें कारण असें कीं, गेल्या कांहीं वर्षांत दोन-तीन पालक माझ्याकडे एकच अडचण घेऊन आले. मुलीची चित्रकला चांगली, हात कुशल; आणि ती म्हणते, मला नाटकाचें नेपथ्य व सामान करावयास शिकावयाचें आहे. नट होण्याचें वेड आईबापांना एक वेळ समजतें, कारण त्यांत निदान कीर्तीची आशा असते. पण पडद्यामागें बसून पुठ्ठ्याच्या तलवारी करावयास तीन वर्षें विद्यालयांत कशाला जावयाचें? तें तर मांडववाल्याचें काम! या आक्षेपाला उत्तर द्यावयाचें, तर तें काम काय आहे हें आधीं पाहिलें पाहिजे.

भरताच्या नाट्यशास्त्रांत अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेला. वेष, रंग, अलंकार आणि सामान हीं सर्व त्यांत येतात. सामानाच्या प्रतिकृतींना तेथें 'पुस्त' असा शब्द आहे. त्याची आपल्या पुस्तकाशीं गल्लत करूं नये. डोंगर, रथ, विमान, ढाल, ध्वज, हत्ती जे म्हणून रंगभूमीवर आणावयाचे, ते सर्व पुस्त. चटया, कापड, कातडें जोडून केलेला तो संधिम. यंत्राच्या युक्तीनें हालणारा तो व्याजिम. आणि गुंडाळून-वेष्टून केलेला तो वेष्टिम. आजच्या एखाद्या नाटकाच्या कारखान्यांत गेलां तर हे तीनही प्रकार नांवें बदलून तुम्हांला भेटतील. मला याहून मोलाची वाटते ती दुसरी सूचना. शस्त्रें आणि दागिने जड धातूंचे करूं नयेत. लाख, लांकूड, कातडें, कापड, वेळू असे हलके पदार्थ वापरावे, कारण जड ओझें वागवून नट थकतो आणि त्याचा अभिनय बिघडतो. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथांत नटाच्या दंडाची आणि खांद्याची ही काळजी पाहून मन प्रसन्न होतें.

म्हणजे रंगभूमीवरील वस्तूला दोन धनी असतात. एक, दूर बसलेल्या प्रेक्षकाचा डोळा. दुसरा, नटाचा हात. डोळ्याला ती खरी वाटली पाहिजे आणि हाताला ती सोयीची असली पाहिजे. बाजारांतून आणलेली खरी वस्तु या दोन्ही परीक्षांत पुष्कळदां नापास होते. ज्याला हें उमजलें त्याला या विद्येचा उंबरठा ओलांडला असें म्हणावयास हरकत नाहीं.

उदाहरणासाठीं भीमाची गदाच घेऊं. एक गोल पोटाचें मातीचें मडकें पालथें घालावें. त्यावर कागदाचा पहिला थर केवळ पाण्यानें भिजवून बसवावा. त्याला खळ लावूं नये, नाहीं तर पुढें मडक्यापासून कवच सुटत नाहीं. दुसऱ्या थरापासून खळ. आपल्याकडे चिंचोक्याची खळ उत्तम: चिंचोके भाजून, वरचें टरफल काढून, कुटून, पाण्यांत शिजवावे. कीड लागूं नये म्हणून कोणी तींत चिमूटभर मोरचूद टाकतात. पण तें विष आहे, तेव्हां मुखवट्याला किंवा खाण्यापिण्याच्या भांड्याला ती खळ वापरूं नये आणि काम झाल्यावर हात धुवावे. कागदाचे थर एकाआड एक वेगळ्या रंगाचे घ्यावे, एक वर्तमानपत्राचा तर एक खाकी कागदाचा. याचें कारण सौंदर्य नव्हे. कोठें थर चुकला तें लगेच दिसतें. कागद कात्रीनें न कापतां हातानें फाडावा, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. सहा-सात थर पुरे. वाळविणें सावलींत, घाईनें कडक उन्हांत ठेवलें कीं कवच पिळवटतें.

अशीं दोन अर्धगोल कवचें झालीं कीं मधून वेळूचा दांडा घालून तीं जोडावयाचीं. येथें विद्यार्थी आणि हौशी यांतील फरक दिसतो. हौशी मनुष्य दांडा खालच्या भोकांत खुपसतो आणि चिकटवितो. शिकलेला मनुष्य दांडा गोळ्याच्या आरपार नेऊन वरच्या टोकाला पाचर ठोकतो. कारण भीमानें रागानें गदा फिरविली आणि तिचा गोळा निसटून पहिल्या रांगेंत गेला, तर प्रसंग करुण न राहतां हास्यरसाचा होईल, आणि कोणाचा चष्मा फुटला तर हास्यरसाचाही राहणार नाहीं. पुढें सरसांत कालविलेल्या खडूच्या भुकटीचे दोन हात, त्यावर कांचकागदाची घासणी, मग रंग. रंग प्रथम गडद तपकिरी, जवळजवळ काळा. सोनेरी रंग सर्व अंगाला फांसावयाचा नाहीं. कुंचला जवळजवळ कोरडा करून तो केवळ उंचवट्यांवरून ओढावयाचा. खांचा काळ्याच राहूं द्यावयाच्या. रंगभूमीवर समोरून येणारा प्रखर उजेड वस्तूच्या सावल्या खाऊन टाकतो. म्हणून त्या सावल्या कारागिराला रंगानें परत द्याव्या लागतात.

गदा झाली, पण नटाच्या हातीं देऊन पाहिल्यावांचून ती पुरी झाली नाहीं. फार हलकी झाली तर भीम तिला छडीसारखी नाचवूं लागतो आणि पाहणाराला तिचें पोकळपण कळतें. म्हणून आंत वाळूची लहानशी पुरचुंडी पक्की बसवितात. तेवढ्यानें हाताला तोल सांपडतो आणि वजनाचा अभिनय सोपा होतो. शेवटची गोष्ट आवाजाची. एवढी थोरली गदा जमिनीवर टेकतांच 'ढब्' असा पुठ्ठ्याचा आवाज निघाला कीं तासाभराचें काम पाण्यांत! यासाठीं बुडाला जाड लोकर किंवा रबराचा तुकडा चिकटवितात. पडद्यामागें कोणी लांकडी फळीवर ठोका देण्यास उभा असतो.

आवाजाची गोष्ट निघाली आहे तर सांगतों. नभोवाणीच्या नाटकांत सामान दिसत नाहीं, केवळ ऐकूं येतें. पण तेथेंही हीच विद्या आहे. करवंट्या आपटून घोडा दौडतो आणि टांगलेला पातळ पत्रा हालविला कीं मेघ गर्जतात. जॉन डेनिस नांवाच्या इंग्रज लेखकानें १७०९ सालीं आपल्या नाटकासाठीं गडगडाटाची नवी युक्ति काढली. नाटक पडलें, पण त्याच नाट्यगृहांत दुसऱ्यांच्या 'मॅक्बेथ'ला आपलाच गडगडाट ऐकून तो संतापला, अशी आख्यायिका आहे. लेखकाचें नाटक विसरलें गेलें आणि गडगडाट तेवढा लोकांच्या तोंडीं राहिला!

डोळ्याच्या परीक्षेविषयीं आणखी थोडें. आपल्याकडे एक काळ असा होता कीं, खरें आणि भारी तेंच चांगलें असें मानीत. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीनें १९२० च्या सुमारास 'द्रौपदी' नाटक रंगभूमीवर आणलें, तेव्हां वैभवाची कमाल झाली आणि मंडळीच्या कर्जाची गोष्टही प्रसिद्धच आहे. बालगंधर्वांच्या रसिकतेला मी हात जोडतों. परंतु कारागिरीच्या दृष्टीनें मला अधिक कौतुक वाटतें तें कलकत्त्याच्या तापस सेन यांचें. १९५९ सालीं मिनर्व्हा थिएटरांत उत्पल दत्त यांनीं 'अंगार' हें कोळशाच्या खाणीवरचें नाटक केलें. त्याच्या शेवटीं खाणींत पाणी शिरतें आणि मजूर बुडतात. तें पाणी सेन यांनीं केवळ दिव्यांच्या योजनेनें चढविलें. रंगमंचावर पाण्याचा थेंबही नव्हता. तें दृश्य पाहावयास लोक गर्दी करीत. उजेडाचें हें ज्ञान सामान करणाराला सुद्धां पाहिजे. पिवळ्या दिव्याखालीं निळें वस्त्र काळपट दिसतें. दुकानांत सुंदर दिसलेला शालू रात्रीं मळकट ठरतो. म्हणून जाणता मनुष्य कापडाचा तुकडा आधीं दिव्याखालीं धरतो आणि मग खरेदी करतो.

आतां या कामाची गंभीर बाजू. सन २००८ च्या डिसेंबरांत व्हिएन्ना शहरांतील बुर्गथिएटर या नामांकित रंगमंदिरांत शिलरच्या 'मारिया स्टुअर्ट' नाटकाचा प्रयोग चालू होता. आत्महत्येच्या प्रवेशांत एका नटानें आपल्या गळ्यावरून सुरी फिरविली आणि खरें रक्त वाहूं लागलें. बोथट सुरीच्या जागीं धारदार सुरी त्याच्या हातीं आली होती. पाहणारांना प्रथम तो अभिनयच वाटला. दैव बलवत्तर म्हणून तो वांचला. सन २०२१ मध्यें अमेरिकेंत न्यू मेक्सिको राज्यांत 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमींत पिस्तुलांतून खरी गोळी सुटून हलिना हचिन्स ही छायालेखिका प्राणास मुकली. तेथील शस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला २०२४ सालीं न्यायालयानें दोषी ठरविलें. अग्नीची कथा तर याहून भयंकर. ३० डिसेंबर १९०३ रोजीं शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहांत एका दिव्याच्या ठिणगीनें टांगलेलें कापड पेटलें, अग्निरोधक म्हणून लावलेला पडदा उतरतांना मध्येंच अडकला, आणि सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं, कारण तो सुटीतला दुपारचा खेळ होता.

नाट्यशास्त्रकारानें रंगभूमीवर शस्त्र प्रत्यक्ष मारूं नये, केवळ खूण दाखवावी असें सांगून ठेवलें आहे, त्याचा अर्थ अशा वेळीं कळतो. पालकांनीं विचारलेल्या प्रश्नाचें अर्धें उत्तरही येथेंच आहे. मांडववाला कापड टांगून निघून जातो. या कारागिराच्या भरंवशावर दुसरा मनुष्य रोज रात्रीं आपल्या गळ्याशीं सुरी नेतो. म्हणून पद्धतशीर शिक्षणांत पहिल्या वर्षीं रंग-कुंचल्याइतकाच भर शिस्तीवर असतो. विंगेंत एक टेबल असतें. त्यावर पांढरा कागद पसरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आंखलेली आणि आंत नांव लिहिलेलें असतें. पेला पेल्याच्या रेषेंत, चष्मा चष्म्याच्या. घंटा होण्यापूर्वीं एक नजर टाकली कीं काय कमी आहे तें दिसतें. शस्त्र त्या टेबलावर उघडें ठेवीत नाहींत. तें कुलपांत असतें, एकच मनुष्य तें नटाच्या हातीं देतो, देतांना दाखवितो आणि प्रवेश संपतांच परत घेतो. कापडाला टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या पाण्यांत बुडवून वाळविलें कीं तें सहज पेट घेत नाहीं. परंतु धुतल्यावर हा गुण जातो, तेव्हां पुनः बुडवावें लागतें, हें बऱ्याच ठिकाणीं विसरतात. हल्लींच्या थर्माकोलबद्दल तर मला भीतीच वाटते. तें स्वस्त, हलकें आणि कोरावयास सोपें, हें खरें. पण तें झपाट्यानें पेटतें, आणि तापलेल्या तारेनें कापतांना निघणारा धूर कोंडलेल्या खोलींत हुंगणें छातीला घातक आहे.

ही विद्या पूर्वीं शिकत कशी? घरांत, किंवा गुरूच्या हाताखालीं. दशावतारी मंडळींत पेटारा वागवितां वागवितां पोरगा मुकुट दुरुस्त करावयास शिके. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां सामानाचा व्याप थोडाच होता. १८८० सालीं पुण्यास किर्लोस्करांचें 'शाकुंतल' झालें आणि पुढें रंगविलेल्या पडद्यांचा काळ आला. त्या काळानें कोल्हापुरांत एक घराणेंच उभें केलें. कृष्णराव मिस्त्री यांचे पुत्र बाबूराव आणि त्यांचे आतेमामे-चुलत नात्यांतील बंधु आनंदराव, हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणूं लागले. चित्रकलेच्या शाळेंत न जातां सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम हीं सर्व त्यांनीं घरच्या व्यवसायांत हातीं घेतलीं. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं स्वतः चित्रपटाचा कॅमेरा जुळवून १९२० सालीं 'सैरंध्री' काढला, आणि त्यांतील कीचकवधाचा देखावा इतका खरा वाटला कीं प्रेक्षक भ्याले आणि तो पुढें गाळावा लागला. खोट्या वस्तूनें खऱ्यापेक्षां अधिक खरें दिसूं नये, हाही या विद्येंतला एक धडा म्हणावयाचा! त्यांच्याच हाताखालीं तयार झालेल्या दामले-फत्तेलाल आदि मंडळींनीं १९२९ सालीं कोल्हापुरास 'प्रभात' काढली, ती १९३३ सालीं पुण्यास आली. आणि त्या प्रभातनगरीच्या जागेंत १९६० पासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था आहे, जेथें कलादिग्दर्शनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम शिकवितात.

गुरूच्या हाताखालीं शिकण्यांत गोडी होती, पण एक उणेंही होतें. गुरु मनांत आलें तर शिकवी, नाहीं तर दहा वर्षें रंगच खलावयास लावी. कृति समजे, कारण समजत नसे. शिवाय ही विद्या ज्यांच्या घरांत नाहीं, त्यांना आणि मुलींना तर दारच बंद. विद्यालयांनीं हें दार उघडलें. दिल्लीचें राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालीं संगीत नाटक अकादमीनें स्थापिलें आणि १९७५ सालीं तें स्वतंत्र झालें. तेथील अभ्यास तीन वर्षांचा, आणि प्रवेशाला पदवी व नाटकांतील कामाचा अनुभव लागतो. म्हणून बारावी होतांच तेथें जातों असा हट्ट कामाचा नाहीं. पुण्यांत जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ तेथें प्रमुख होते. नट होणारालाही नेपथ्य, प्रकाश, वेष यांचें अंग समजलें पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ पासून. जे. जे. कला शाळेंतून चित्रकला किंवा शिल्प शिकून मग रंगभूमीकडे वळण्याचा मार्गही चांगला आहे. घाई नसेल तर मी तोच सुचवितों, कारण हात एकदां रेखाटनांत तयार झाला कीं बाकीचें लवकर येतें.

विद्यालय निवडतांना नांवापेक्षां कारखाना पाहावा. सुतारकामाचें बाक आहे काय, विद्यार्थी खऱ्या प्रयोगाचें सामान स्वतः करतात कीं भाड्यानें आणतात, रंगाच्या खोलीला खिडक्या आहेत काय, हें स्वतः जाऊन पाहावें. आणि आणखी एक: संहिता वाचावयास शिकवितात काय? सामानाची यादी लेखक देत नाहीं. ती वाक्यांत लपलेली असते. "हा घ्या तुमचा पगार," एवढेंच वाक्य असतें. १९३० सालचा पगार कीं २०१० चा, नोटा कीं रुपये, पाकीट कीं रुमाल, हें सर्व विद्यार्थ्यानें शोधावयाचें. चुकीच्या काळची नोट दहाव्या रांगेंतून दिसत नाहीं हें खरें. पण नटाला दिसते, आणि त्याचें मन क्षणभर त्या काळांतून बाहेर येतें.

पोटापाण्याचें काय, हें विचारल्याशिवाय पालक उठत नाहींत, व उठूंही नये. केवळ नाटकावर बारा महिने घर चालणें कठीण. हें मी लपविणार नाहीं. काम हंगामी, पैसा उशिरा. परंतु हाच हात चित्रपटाला, दूरचित्रवाणीला, वस्तुसंग्रहालयाला, प्रदर्शनाला आणि गणेशोत्सवांतील देखाव्यांना लागतो, आणि अशा कामांची बेरीज करून पुष्कळ जण नीट संसार करतात. ज्याला दर महिन्याच्या एक तारखेवांचून झोंप लागत नाहीं, त्यानें या वाटेला जाऊं नये.

मुलीचा कल खरा आहे कीं चार दिवसांची हौस, हें पाहण्याचा एक उपाय मीं त्या पालकांना सांगितला. घरांतील एक पितळी तांब्या तिच्यापुढें ठेवावा आणि तसाच दुसरा कागदाचा करावयास सांगावा. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. मध्यें कोणी मदत करूं नये, टीकाही करूं नये. मग रात्रीं दिवा लावून दोन्ही तांबे तीस फुटांवर ठेवावे आणि शेजारच्यांना बोलावून खरा कोणता तें विचारावें. त्यांचें उत्तर झाल्यावर मुलीनें कागदाचा तांब्या एका हातानें उचलावा, भरलेला आहे असें दाखवीत पेल्यांत पाणी ओतल्याचा अभिनय करावा आणि तो परत पाटावर ठेवावा. एका मुलीनें हा प्रयोग झाल्यावर तांब्याच्या बुडाला आंतून शिशाची चकती बसविली आणि पुनः पंधरा दिवस मागून घेतले.